गॅमा किरण गेले कुठे? भौतिकशास्त्र अभ्यास मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
भौतिकशास्त्र अभ्यास मंडळ,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर

विषय : शीत संलयनातील ‘किरणोत्सर्गाविना ऊर्जा’ या दाव्याचा पदवी अभ्यासक्रमात चिकित्सक अभ्यास म्हणून समावेश करण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

अणुकेंद्रकीय भौतिकी हा विषय याच शहरात अठ्ठावीस वर्षे शिकवून मी निवृत्त झालो. आता वर्षातून एखाद्या वेळी कोणी विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावते, तेवढाच प्रयोगशाळेशी संबंध उरला आहे. गेल्या मार्चमध्ये अशाच एका प्रदर्शनात पाहिलेल्या मांडणीमुळे हे पत्र लिहीत आहे. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, कारण तिथे जे दिसले ते कुठेही दिसू शकले असते, आणि त्या मुलांचा तर त्यात मुळीच दोष नव्हता.

टेबलावर लोणच्याची असते तशी जाड काचेची बरणी होती. तिच्यात साधे पाणी, पाण्यात विरघळवलेले ५० ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, ऋणाग्र म्हणून निकेलची पट्टी आणि धनाग्र म्हणून प्लॅटिनमचा मुलामा दिलेली तार. पुरवठा ६ व्होल्टचा, प्रवाह अर्धा अँपिअर. झाकणातून थर्मामीटर आत सोडलेला, आणि शेजारी सुटे भाग जुळवून तयार केलेला, किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर अधूनमधून टिक् टिक् करत होता. मागच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘शीत संलयन : विदर्भाच्या ऊर्जेचे भविष्य’ असे लिहिले होते (शीत संलयन म्हणजे प्रचंड तापमानाशिवाय हलकी अणुकेंद्रके एकत्र येऊन ऊर्जा मिळणे), त्याखाली ‘जादा उष्णता : अर्धा वॅट’ आणि त्याहीखाली ‘रेडिएशन : शून्य’. त्या शून्याभोवती हिरव्या स्केचपेनने वर्तुळ काढले होते. मी नेमके त्या शून्याबद्दल विचारले, तेव्हा गटातली मुलगी आत्मविश्वासाने म्हणाली, “सर, किरणं निघूनच नाही राहिले, म्हणून तर हे सेफ आहे.” उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी तिची पाठ थोपटली. पहिला क्रमांकही त्याच गटाला मिळाला. तीन परीक्षकांत माझे मत एकटे पडले.

मुलांना हा विषय का भुरळ घालतो, हे मला कळते. त्या गटातला एक मुलगा औष्णिक वीज केंद्राच्या जवळच्या गावातून रोज बसने येतो, आणि उन्हाळ्यात आई गच्चीवर कुरडया वाळत घालते तेव्हा त्यांवर धोतर का पसरावे लागते हे त्याने मला न विचारता सांगितले. ज्याने राख अशी पाहिली आहे, त्याला राख नाही, धूर नाही आणि वर किरणोत्सर्गही नाही अशी ऊर्जा हवीहवीशी वाटणारच. परंतु शीत संलयनाच्या बाबतीत किरणोत्सर्ग न दिसणे हीच त्या दाव्याची सर्वांत मोठी अडचण आहे, गेली पस्तीसहून अधिक वर्षे जी सैद्धांतिक धडपड चालली आहे ती बव्हंशी ही अडचण सोडवण्यासाठीच आहे, आणि तक्त्यावर ज्या शून्याभोवती हिरवे वर्तुळ काढले होते तिथे खरे तर प्रश्नचिन्ह हवे होते, हे त्या मुलीला आजवर कोणी सांगितलेले नव्हते. ते सांगण्याची जागा पदवीच्या वर्गात आहे, असे माझे मत आहे आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

प्रकरणाची सुरुवात आपणा सर्वांना ठाऊक आहे. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन विद्युतरसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले की, जड पाण्याचे विद्युत अपघटन करताना पॅलेडियमच्या ऋणाग्रात इतकी उष्णता निर्माण होते की तिचे स्पष्टीकरण कोणत्याही रासायनिक अभिक्रियेने देता येत नाही. पॅलेडियम हा धातू हायड्रोजन आणि ड्युटेरियम (जड पाण्यातला हायड्रोजनचा जड प्रकार) स्पंजासारखे शोषून घेतो, आणि त्याच्या जालकात, म्हणजे अणूंच्या नियमित रचनेत, दाटीने बसलेल्या ड्युटेरियमच्या केंद्रकांचे संलयन होत असावे, असा त्यांचा तर्क होता. पुढे काय झाले तेही सर्वश्रुत आहे : जगभरच्या प्रयोगशाळांनी प्रयोग करून पाहिले, बहुतेकांच्या हाती काही लागले नाही, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकी ऊर्जा विभागाच्या समितीने पुरावा पटण्याजोगा नसल्याचे नमूद केले. त्या समितीचे एक अध्यक्ष जॉन हुइझेंगा यांनी नंतर म्हटले की, हा दावा खरा मानायचा तर तीन चमत्कार मानावे लागतात. सामान्य तापमानाला दोन धनभारित, म्हणून एकमेकांना दूर ढकलणारी केंद्रके एकमेकांना भिडतात हा पहिला, भिडल्यावर ज्ञात प्रमाणात न्यूट्रॉन बाहेर पडत नाहीत हा दुसरा, आणि हेलियम तयार होत असेल तर त्याबरोबरचा गॅमा किरण दिसत नाही हा तिसरा. वृत्तपत्रांत चर्चा बहुधा पहिल्या चमत्काराची होते. माझ्या दृष्टीने दुसरा आणि तिसरा अधिक कठीण आहेत, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने अधिक शिकवणारेही.

त्यासाठी फळ्यावर एक छोटा हिशेब मांडावा लागतो. ड्युटेरियमची दोन केंद्रके एकत्र आली की पुढे तीन वाटा असतात. पहिलीत हेलियम-३ आणि २.४५ एमईव्ही (म्हणजे साडेचोवीस लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जेचा न्यूट्रॉन मिळतो. दुसरीत ट्रिटियम (हायड्रोजनचा आणखी जड, किरणोत्सारी प्रकार) आणि ३.०२ एमईव्हीचा प्रोटॉन मिळतो. या दोन वाटांना जवळपास निम्म्या-निम्म्या अभिक्रिया जातात. तिसऱ्या वाटेने हेलियम-४ आणि २३.८ एमईव्हीचा गॅमा किरण मिळतो, पण ही वाट दहा लाखांत एखादी अभिक्रिया घेते, कदाचित त्याहूनही क्वचित. पहिल्या दोन वाटांची सरासरी ऊर्जा ३.६५ एमईव्ही धरली, तर फक्त एक वॅट उष्णतेसाठी सेकंदाला सुमारे १.७ लाख कोटी अभिक्रिया व्हाव्या लागतात आणि त्यांतून सेकंदाला सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. आपल्या घरी जुना झीरोचा बल्ब असे, तोही एका वॅटपेक्षा कितीतरी अधिक वीज खाई. अशा एका वॅटच्या बरणीपासून एक मीटरवर बसलेल्या माणसाला काही तासांत प्राणघातक मात्रा मिळेल. फ्लाइशमन-पॉन्स यांचा दावा काही वॅटचा होता आणि त्यांनी नोंदवलेले न्यूट्रॉन सेकंदाला काही दहा हजार, म्हणजे अपेक्षेच्या कोट्यंशाहूनही कमी. तेव्हा या क्षेत्रात एक क्रूर विनोद रूढ झाला की, दावा खरा असेल तर प्रयोगशाळेत मेलेला संशोधक विद्यार्थी दाखवा. स्वतः त्या दोघांनीही आपल्या पहिल्याच निबंधात मान्य केले होते की, बहुतांश उष्णता या नेहमीच्या वाटांनी आलेली नसून एखाद्या अज्ञात केंद्रकीय प्रक्रियेने आली असावी. ‘अज्ञात’ या शब्दात पुढची सगळी सैद्धांतिक वाटचाल दडलेली आहे.

विद्यार्थी इथे हमखास एक शंका काढतात आणि ती रास्त आहे : वाटांचे हे प्रमाण उष्ण संलयनाच्या प्रयोगांतून आले आहे, मग थंड अवस्थेत ते बदलणार नाही कशावरून? या शंकेचे उत्तर निसर्गानेच देऊन ठेवले आहे. म्युऑन हा कण इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २०७ पट जड असतो. तो ड्युटेरियमच्या रेणूत इलेक्ट्रॉनची जागा घेतो तेव्हा दोन केंद्रके सुमारे दोनशे पट जवळ ओढली जातात आणि अतिशीत द्रव हायड्रोजनातही संलयन होते. १९५६ साली लुइस अल्वारेझ यांच्या गटाला ते बुडबुडे-कक्षात प्रत्यक्ष दिसले. हे शंभर टक्के खरे शीत संलयन आहे, वादातीत आहे, आणि ड्युटेरियमची दोन केंद्रके अशी एकत्र आली की त्यातून न्यूट्रॉन नेमाने बाहेर पडतात. केंद्रके एकमेकांना कशी भेटली, गरम होऊन की गार राहून, याचा त्यांच्या पुढच्या वागणुकीवर फारसा परिणाम होत नाही. तेव्हा शीत आहे म्हणून सौम्य आहे, हा तर्क म्युऑनापाशीच मोडतो. हे एक उदाहरण जरी वर्गात सांगितले गेले, तरी तक्त्यांवरची अर्धी हिरवी वर्तुळे कमी होतील.

आता सिद्धांतांकडे वळतो. सर्वच सिद्धांतांचा परामर्श घेण्याची ही जागा नव्हे. त्यांची संख्या बरीच आहे आणि काहींची गुणवत्ता अशी आहे की त्यांवर शाई खर्च करू नये. परंतु तीन-चार मांडण्या अशा आहेत की त्या चुकीच्या ठरल्या तरी विद्यार्थ्याला भरपूर भौतिकी शिकवून जातात.

पहिली मांडणी म्हणते की, तिसऱ्या वाटेनेच हेलियम-४ तयार होते, मात्र २३.८ एमईव्हीची ऊर्जा एका गॅमा किरणाने न जाता पॅलेडियमच्या संपूर्ण जालकाला कंपनांच्या रूपात वाटली जाते. या दिशेने विचार करणाऱ्यांत ज्युलियन श्विंगर यांच्यासारखा १९६५ सालचा नोबेल मानकरी होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९९० साली त्यांनी सामान्य हायड्रोजनचा प्रोटॉन आणि ड्युटेरियम यांच्या संलयनाचे गृहीतक मांडले, ज्यात हेलियम-३ तयार होते आणि सुमारे ५.५ एमईव्ही ऊर्जा जालक शोषून घेते. निबंध नाकारले गेले म्हणून त्यांनी अमेरिकन फिजिकल सोसायटीचे सदस्यत्व सोडले. पुढे एमआयटीतील पीटर हॅगलस्टीन यांनी हीच कल्पना पुंजयामिकीच्या चौकटीत बरीच वर्षे नेटाने विकसित केली.

कल्पना किती धाडसी आहे, ते रुपयांत सांगतो, कारण सीताबर्डीच्या बाजारात सुट्या पैशांची अडचण सर्वांनी अनुभवली आहे. एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे एक रुपया समजू. मग संलयनातून आलेली ऊर्जा ही २ कोटी ३८ लाख रुपयांची एकच नोट झाली. जालकातील कंपनाचा एक पुंज, ज्याला फोनॉन म्हणतात, तो साधारण ०.०४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे चार पैशांचा. ती नोट मोडून सुमारे ६० कोटी चार-पैशांची नाणी एकाच वेळी द्यायची आहेत, एकही मधले मूल्य न वापरता. कारण मधली मोठी नाणी वापरली की तीच क्ष-किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉन म्हणून उपकरणात दिसतील. वेळेचे गणित तर आणखी कठोर आहे. दोन ड्युटेरियम एकत्र येऊन बनलेले उद्दीपित हेलियम-४ केंद्रक साधारण सेकंदाच्या एकावर एकवीस शून्ये इतक्या भागात फुटते. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ०.३ पिकोमीटर जातो, आणि पॅलेडियमचा शेजारचा अणू असतो २७५ पिकोमीटरवर. जालकाला बातमी पोचण्याआधीच केंद्रकाचा निकाल लागलेला असतो. हॅगलस्टीन यांना ही अडचण पूर्णपणे ठाऊक आहे. म्हणून त्यांची मांडणी असे म्हणते की केंद्रक त्या अल्पायुषी अवस्थेतून जातच नाही, जालकाशी त्याची देवाणघेवाण आधीपासूनच चालू असते आणि ऊर्जा लहान लहान हप्त्यांनी उतरते. गणिती दृष्ट्या हे रेखीव आहे. ज्या जोडणीच्या बळावर हे सर्व उभे आहे ती पुरेशी प्रबळ असल्याचे स्वतंत्र प्रयोगाने सिद्ध व्हायचे आहे.

या मांडणीच्या समर्थनार्थ मोसबाउअर परिणामाचा दाखला वारंवार दिला जातो आणि आपल्या अनेक शिक्षकांना तो पटतो. १९५८ साली रुडॉल्फ मोसबाउअर यांनी दाखवले की, स्फटिकात घट्ट बसलेले केंद्रक गॅमा किरण सोडते तेव्हा मागे बसणारा धक्का ते एकटे न घेता संपूर्ण स्फटिक घेते. म्हणजे केंद्रक आणि जालक यांचा संबंध नसतो, हे म्हणणे बरोबर नाही. इथवर मान्य. पण लोह-५७ वर पुढे झालेल्या अशा प्रयोगांत १४.४ केईव्हीचा (म्हणजे १४,४०० इलेक्ट्रॉन व्होल्टचा) गॅमा किरण तर बाहेर पडतोच, किंबहुना तो इतक्या अचूक ऊर्जेने पडतो म्हणूनच तो परिणाम उपयोगी आहे. जालक तिथे संवेग घेते, ऊर्जा घेत नाही. संवेग वाटून घेणे आणि ऊर्जा वाटून घेणे यांतला फरक ज्या विद्यार्थ्याला या एका तुलनेतून समजेल, त्याला मी शीत संलयनाबद्दल काहीही मत असले तरी पूर्ण गुण देईन.

दुसऱ्या प्रकारच्या मांडणीत दोनऐवजी अधिक केंद्रके एकाच वेळी भाग घेतात. जपानचे अकितो ताकाहाशी यांच्या प्रतिमानात चार ड्युटेरियम केंद्रके चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवरून एकदम आत आकुंचन पावतात, बेरिलियम-८ बनते आणि ते दोन हेलियम केंद्रकांत विभागते. दोन कण परस्परविरुद्ध दिशांना गेले की संवेगाचा हिशेब जुळतो, गॅमा किरणाची गरजच उरत नाही. वाचताना हे समाधानकारक वाटते. मात्र प्रत्येक हेलियम केंद्रकाला २३.८ एमईव्ही ऊर्जा मिळते आणि इतका वेगवान कण ड्युटेरियमने भरलेल्या धातूतून मुकाट्याने जात नाही. तो पॅलेडियमच्या अणूंतून २१ केईव्हीचे क्ष-किरण काढतो, वाटेतल्या ड्युटेरियमला टोले मारतो, आणि ते ड्युटेरियम पुढे दुसऱ्या ड्युटेरियमवर आदळून न्यूट्रॉन देतात. हॅगलस्टीन यांनीच २०१० साली हा हिशेब करून दाखवला की, प्रयोगांत न्यूट्रॉन इतके कमी दिसत असतील तर त्यांतील हेलियम सुमारे २० केईव्हीपेक्षा अधिक ऊर्जेने जन्मलेले असू शकत नाही. स्वतःच्याच क्षेत्रातील सहकाऱ्यांच्या सिद्धांतांना अशी कात्री लावणारा हा निबंध मला या सर्व वाङ्मयात सर्वांत प्रामाणिक वाटतो.

तिसरी मांडणी ॲलन विडम आणि लुइस लार्सन यांची, २००६ सालची. ती संलयनाचे नावच घेत नाही. धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन ‘जड’ होतात, प्रोटॉन त्यांना गिळून न्यूट्रॉन बनतो, आणि अतिशय मंद असा तो न्यूट्रॉन कोणत्याही विद्युत अडथळ्याशिवाय शेजारच्या केंद्रकात शिरतो, असे ती म्हणते. अडथळ्याचा प्रश्न एका फटक्यात सुटतो. त्याची किंमत मात्र अशी की, प्रोटॉनपासून न्यूट्रॉन बनवायला ०.७८ एमईव्ही आणि ड्युटेरियमपासून दोन न्यूट्रॉन बनवायला सुमारे ३ एमईव्ही ऊर्जा एकेका इलेक्ट्रॉनला पुरवावी लागते, तीही काही व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या बरणीत. शिवाय न्यूट्रॉन शोषला की गॅमा किरण निघतातच. ते का दिसत नाहीत, तर तेच जड इलेक्ट्रॉन त्यांना गिळतात, असे उत्तर आहे. या उत्तराची एक गंमत आहे : ते तपासता येते. असा पृष्ठभाग खरोखर गॅमा किरण गिळत असेल, तर चालू बरणीच्या एका बाजूला ज्ञात गॅमा स्रोत आणि दुसऱ्या बाजूला गणक ठेवायचा. गणना घटली पाहिजे. काही माइक्रोमीटर जाडीचा थर शिशाच्या विटेचे काम करत असेल तर तो शोध शीत संलयनाहूनही मोठा ठरेल.

भारताचा या प्रकरणातील वाटा आपले विद्यार्थी ऐकतच नाहीत, याची मला विशेष खंत वाटते. युटातील घोषणेनंतर लगेचच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तत्कालीन संचालक पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने अनेक गटांनी प्रयोग केले, आणि अय्यंगार व एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला बीएआरसी-१५०० हा अहवाल १९८९च्या डिसेंबरात निघाला. त्या गटांचे सांगणे उष्णतेपेक्षा ट्रिटियमबद्दल अधिक होते : ट्रिटियम सापडते, न्यूट्रॉनही सापडतात, पण न्यूट्रॉनांची संख्या ट्रिटियमच्या सुमारे कोट्यंश. दोन्ही वाटा समसमान असायला हव्यात हे ज्यांनी आयुष्यभर शिकवले, त्यांनीच असे लिहिले, म्हणून त्याकडे गांभीर्याने पाहावे लागते आणि गांभीर्याने प्रश्नही विचारावे लागतात. ट्रिटियमचे बीटा कण जास्तीत जास्त १८.६ केईव्हीचे, काचेच्या भिंतीतूनही बाहेर न येणारे. त्यामुळे बाहेरचा काउंटर गप्प राहणे समजू शकते. परंतु ट्रिटियमचे केंद्रक नेहमीच्या वाटेने १.०१ एमईव्ही घेऊन जन्मले असते, तर त्यातील काही शेजारच्या ड्युटेरियमवर आदळून १४ एमईव्हीचे न्यूट्रॉन देते, आणि तशी खूण दिसायला हवी होती. स्पष्टीकरण म्हणून काहींनी १९३५ सालच्या ओपेनहायमर–फिलिप्स प्रक्रियेकडे बोट दाखवले, ज्यात जवळ येणाऱ्या ड्युटेरियमचा न्यूट्रॉन पुढच्या केंद्रकात सरकतो आणि प्रोटॉन बाहेर ढकलला जातो. ही चर्चा २०११ साली चेन्नईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेपर्यंत आणि २०१५ साली ‘करंट सायन्स’ने काढलेल्या विशेष विभागापर्यंत चालू राहिली. ज्या राज्यात थळचा जड पाण्याचा कारखाना आहे, त्या राज्यातील पदवीधराला जड पाणी आणि ट्रिटियम यांच्या मापनातले खाचखळगे परके वाटावेत, हे बरे नव्हे.

हेलियमच्या मापनातला खाचखळगा तर वर्गात करून दाखवण्यासारखा आहे. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक प्रयोगशाळेतील मेल्विन माइल्स यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी जादा उष्णता आणि हेलियम-४ यांचा मेळ लागत असल्याचे नोंदवले, आणि समर्थक आजही हाच पुरावा सर्वांत पुढे ठेवतात. प्रत्येक हेलियमला २३.८ एमईव्ही धरले तर एक वॅट उष्णता दिवसभर मिळाल्यास सुमारे दोन कोटी-अब्ज अणू, नेमके सांगायचे तर दोनावर सोळा शून्ये आणि थोडे अधिक, इतके हेलियम तयार होते. संख्या प्रचंड वाटते. आता आपल्या भोवतालच्या हवेत हेलियमचे प्रमाण दहा लाखांत पाच भाग असते, हे लक्षात घेतले तर तेवढे हेलियम सुमारे १७५ घनसेंटिमीटर हवेत, म्हणजे एका फुलपात्रात मावणाऱ्या हवेत आधीच हजर आहे. दिवसभराच्या अद्भुत प्रक्रियेचे संपूर्ण उत्पादन आणि एका ढिल्या बुचातून आत आलेली फुलपात्रभर हवा यांत फरक करायचा, असा तो प्रयोग आहे.

सद्यस्थितीबद्दल थोडक्यात. अमेरिकी ऊर्जा विभागाने २००४ साली पुन्हा आढावा घेतला आणि निष्कर्ष फारसा बदलला नाही. गूगलच्या अर्थसाहाय्याने झालेल्या कामाचा अहवाल २०१९ साली ‘नेचर’मध्ये आला; शीत संलयनाचा पुरावा मिळाला नाही, पण मापनाची साधने सुधारली. त्यातील काही संशोधकांनी २०२५ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून दाखवले की, पॅलेडियमवर ड्युटेरियमचा मारा करताना विद्युतरासायनिक मार्गाने त्यात आणखी ड्युटेरियम भरले तर संलयनाचा दर सरासरी १५ टक्क्यांनी वाढतो. मिळालेली ऊर्जा खर्चाच्या मानाने नगण्य आहे. पण दर मोजला कसा, हे पाहण्यासारखे आहे : त्यांनी न्यूट्रॉन मोजले. किरणोत्सर्ग तिथे साक्षीदार होता.

आता पुन्हा त्या बरणीकडे. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी समस्थानिक असतोच आणि त्यामुळे एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ विघटने होतात. मुलांनी पाण्यात टाकलेल्या ५० ग्रॅम कार्बोनेटमध्ये पोटॅशियम होते सुमारे २८ ग्रॅम. म्हणजे ‘रेडिएशन : शून्य’ असे लिहिलेल्या त्या बरणीत दर सेकंदाला साडेआठशेहून अधिक विघटने चालली होती, त्यांतील दहातली एक १.४६ एमईव्हीचा गॅमा किरण देणारी! धोका काहीच नाही, आपल्या शरीरातही हेच चालते. पण काचेने बीटा कण अडवले, लहान नळीने गॅमा किरणांतला नगण्य हिस्सा पकडला, न्यूट्रॉन तर साध्या गायगर नळीला जवळजवळ दिसतच नाहीत, आणि उरलेल्या टिकटिकीला मुलांनी पार्श्वभूमी म्हणून वजा करून शून्य लिहिले. अर्ध्या वॅटचेही तसेच. पाण्याचे विघटन करण्यात १.४८ व्होल्ट खर्च होतात ते वजा करायला हवेत, हे त्यांना माहीत होते आणि त्यांनी ते केलेही होते, याचे मला कौतुक वाटले. पण अर्ध्या अँपिअरला ते ०.७४ वॅट होतात, आणि हायड्रोजन-ऑक्सिजन बाहेर न जाता झाकणाखालीच पुन्हा संयोग पावले तर तेवढी उष्णता बरणीत परत येते. अर्धा वॅट त्यातच बसतो. वर दालनात तीन कूलर चालू होते आणि बरणी त्यांपैकी एकाच्या झोतात होती.

म्हणून मंडळाला माझी विनंती अशी. तिसऱ्या वर्षाच्या अणुकेंद्रकीय भौतिकीला जोडून एक श्रेयांकाचा, पंधरा तासांचा ऐच्छिक घटक ठेवावा आणि त्यात वर मांडलेले हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावेत. सिद्धांत पाठ करून घेऊ नयेत. प्रयोगशाळेत साध्या पाण्याच्या विद्युत अपघटनाची कॅलरीमापनासह (म्हणजे उष्णतेच्या मापनासह) एक प्रात्यक्षिक असावे, ज्यात उत्प्रेरक टाकून वायूंचा पुनर्संयोग मुद्दाम घडवून खोटी ‘जादा उष्णता’ कशी दिसते हे विद्यार्थी स्वतः पाहतील. त्याला परवान्याचा किरणोत्सारी स्रोत लागत नाही, जड पाणी लागत नाही, खर्च म्हणावा तर थर्माकोलच्या पेटीचा आणि चांगल्या थर्मामीटरचा. आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या प्रदर्शनांसाठी एक साधा दंडक घालून द्यावा : किरणोत्सर्ग ‘शून्य’ असे लिहायचे असेल तर कोणते उपकरण वापरले, ते कोणते किरण पाहू शकते, पार्श्वभूमीची गणना किती आणि किती वेळ मोजली, हे त्याच तक्त्यावर लिहावे. हा दंडक शीत संलयनापुरता नको. मोबाइल टॉवरच्या तक्त्यांनाही तो लावता येईल, पण तो वेगळा विषय आहे.

हा विषय शिकवल्याने छद्मविज्ञानाला प्रतिष्ठा मिळेल, असा आक्षेप मंडळातील काही सदस्य घेतील याची मला कल्पना आहे. मी सेवेत असताना हाच आक्षेप घेऊन या विषयावरील एका विद्यार्थिनीचे चर्चासत्र मीच रद्द केले होते. तिने पुढे तो विषय कुठून वाचला असेल आणि काय समजली असेल, याचा विचार त्या दिवशी हिरवे वर्तुळ पाहताना मनात आला.

प्रदर्शनातली मुलगी तिच्या दोन सोबत्यांसह एप्रिलपासून दर रविवारी माझ्याकडे येते. पहिल्या रविवारी आम्ही साखरेची आणि पोटॅशियम कार्बोनेटची सारख्या वजनाची पातळ पुडी आळीपाळीने काउंटरच्या नळीला टेकवून प्रत्येकी एक तास गणना केली. दुसरी संख्या मोठी आली, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने पहिली पुडी पुन्हा एकदा तासभर ठेवायला लावली. बरणी सध्या माझ्या गच्चीवरच्या खोलीत आहे. मंडळातील कोणास ती पाहायची असल्यास अवश्य यावे, मात्र सकाळी सातच्या आत यावे. त्यानंतर मे महिन्यात त्या खोलीचे तापमान असे चढते की कॅलरीमापनाचा एकही आकडा धरवत नाही.

आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
नागपूर